भाकर मोजायला शिकवणारी पदवी

२०२४ चा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग हात फिरवला की झुपका हातात यायचा, आणि आठवड्याच्या आत टक्कल पडायचं. जानेवारीत गावांची यादी लांबत गेली आणि रुग्णांचा आकडा पावणेतीनशेच्या आसपास पोहोचला. पहिला संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर, शाम्पूवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, पथक येऊन नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही आपल्या परीनं रक्त, लघवी, केस आणि गावातलं धान्य तपासून घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलं आहे, जस्त कमी झालं आहे, आणि सेलेनियमचा माग उत्तरेकडून आलेल्या रेशनच्या गव्हापर्यंत जातो.

सेलेनियम शरीराला रोज लागतं, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पंचवीस हजारावा भाग पुरतो. सुरक्षित मर्यादा ४०० मायक्रोग्रॅमची धरतात. ती रोज ओलांडली जाऊ लागली की केस आणि नखं आधी बोलतात. जमिनीत सेलेनियम जास्त असेल तर ते पिकात उतरतं, आणि पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात अशी जमीन आहे हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. ज्या घरात दोन्ही वेळा एकाच पोत्यातल्या गव्हाच्या पोळ्या होतात, तिथे तो गहू कुठल्या मातीतून आला याला फार महत्त्व येतं.

ताटात काय आहे, किती आहे, ते कुठून आलं आणि शरीरानं त्याचं काय केलं, हे शोधायचं शिक्षण विद्यापीठात मिळतं. पोषण आणि आहारशास्त्र असं त्याचं नाव. बुलढाणा जिल्ह्यात बारावी झालेल्या मुलीच्या घरी हा विषय निघाला की पुष्कळदा एकच प्रश्न येतो : स्वयंपाकच शिकायचा तर कॉलेज कशाला? प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देत नाही. आत काय शिकवतात हे बाहेर कुणी नीट सांगितलेलंच नाही, म्हणून ते इथे सावकाश सांगतो.

पहिल्या वर्षी स्वयंपाक कमी आणि रसायनशास्त्र जास्त असतं. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्नाचं रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय येतात. एक घास तोंडात गेल्यापासून त्याचं पुढे काय होतं, हे पायरीपायरीनं शिकावं लागतं. ज्वारीच्या भाकरीतला स्टार्च लाळेतल्या विकरानं तुटायला लागतो, जठरात प्रथिनांची घडी उलगडते, लहान आतड्यात साखर आणि अमिनो आम्लं रक्तात शिरतात, चरबी मात्र वेगळ्या वाटेनं, लसिकेतून जाते. हे नुसतं पाठ करून चालत नाही, समजलं पाहिजे. मधुमेहात, यकृताच्या आजारात, अतिसारात यातली नेमकी कुठली पायरी बिघडते, यावरच पुढचा सगळा आहार ठरतो. बारावीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र मन लावून केलेल्या मुलांना इथे फायदा होतो. कला शाखेतून आलेल्यांना पहिले काही महिने जड जातात, आणि पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे आणखी जड जातात. पण प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं हे शब्द शाळेतून येतातच, आणि संकल्पना आईच्या भाषेत पक्की असेल तर इंग्रजी नाव मागाहून चिकटतं.

मग प्रयोगशाळा येते, आणि तिथे काटा असतो. विद्यार्थी आधी पीठ तोलतात, मग भाकर थापतात, भाजतात, पुन्हा तोलतात. कुणाची भाकर ४० ग्रॅम पिठाची निघते, कुणाची ८० ची. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात शिजला की दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पाणी किती घातलं त्यावर थोडा इकडेतिकडे. शेवग्याच्या शेंगेत खायचा भाग किती आणि टाकायचा किती हे वेगळं काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण या शास्त्राचा पाया तोच आहे. ‘दोन भाकरी खाल्ल्या’ या वाक्यातून ८० ग्रॅम पीठही निघू शकतं आणि १६० सुद्धा. त्या फरकात एका माणसाचं कुपोषण लपून राहतं.

तोललेल्या पदार्थात काय काय आहे हे पाहायला तक्ते लागतात. भारतासाठी ते हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करते. ही संस्था १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हाताखाली, बेरीबेरी या आजाराचा शोध घेणारं एक छोटं केंद्र म्हणून सुरू झाली. तांदूळ पॉलिश केला की त्यातलं थायमिन हे जीवनसत्त्व जातं, आणि त्याच्या कमतरतेनं हा आजार होतो. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली. तिचे २०१७ चे अन्नघटक तक्ते पाचशेहून अधिक भारतीय पदार्थांचे आहेत, आणि आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर ते असतात. अर्थात तक्त्यातला आकडा म्हणजे देशभरच्या नमुन्यांची सरासरी. एखाद्या पोत्यातल्या गव्हात सेलेनियम किती, हे तक्ता सांगणार नाही; तिथे नमुना तपासावाच लागतो. चांगला शिक्षक ही मर्यादा पहिल्याच तासाला सांगतो.

आता या शिक्षणाचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. त्याला चोवीस तासांची आहार-आठवण म्हणतात. विद्यार्थिनी वही आणि वाट्या-चमच्यांचा मोजलेला संच घेऊन गावात जाते आणि एका बाईला विचारते, “मावशी, काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय खाल्लं-प्यायलं, सांगता का?”

उत्तर ठरलेलं असतं : “काय खाणार बाई, भाकर न् बेसन.”

इथून खरं कसब लागतं. चहा कितीदा झाला? दूध घालून की कोरा? साखर घरातल्या चमच्यानं किती? भाकर कुणी थापली, पीठ किती घेता, परातीत दाखवा. बेसन घट्ट होतं की पातळ? शेतात काही तोंडात टाकलं का, बोरं, हरभऱ्याचा घाटा, भाजलेली फल्ली? तेलाचा प्रश्न थेट विचारला तर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून विचारायचं, महिन्याला तेल किती किलो लागतं आणि जेवणारी माणसं किती? पाच माणसांना तीन किलो म्हटलं की माणशी रोज २० ग्रॅम निघतं. काल गुरुवारचा उपास होता का, घरी पाहुणे होते का, हेही विचारायचं, कारण तसा दिवस नेहमीचा धरता येत नाही. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न शेवटी : तुम्ही कुणाबरोबर जेवलात? पुष्कळ घरांत बाई सगळ्यांच्या नंतर, उरलेल्यातून जेवते. घरात वरण शिजलं एवढ्यावरून ते तिच्या वाटीत आलं असं धरता येत नाही.

समजा, कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईचा दिवस असा निघाला : दोन कप चहा, त्यात मिळून १०० मिलिलिटर दूध आणि २० ग्रॅम साखर, प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या चार ज्वारीच्या भाकरी, २५ ग्रॅम डाळीच्या पिठाचं बेसन, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण, ५० ग्रॅम तांदळाचा भात, वांग्याची थोडी भाजी, दिवसभरात २० ग्रॅम तेल. वर्गात परत आल्यावर तक्ता उघडायचा. शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चार भाकरींचे ८०० किलोकॅलरी आणि २४ ग्रॅम प्रथिनं. बेसनाचे ८२, वरणाचे ९९, भाताचे १७८, तेलाचे १८०, चहाचे दीडशे, भाजीचे पंचवीस. बेरीज होते साधारण १,५२० किलोकॅलरी. प्रथिनं ४५ ग्रॅमच्या जवळ. लोह १३ मिलिग्रॅम.

आता शिफारशीशी ताडून पाहायचं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीला २,१३० किलोकॅलरी लागतात. प्रथिनं ४६ ग्रॅम. लोह २९ मिलिग्रॅम. म्हणजे प्रथिनं कागदावर पुरी, ऊर्जा सहाशेनं कमी, लोह निम्म्याहून कमी. इथे विद्यार्थ्याला दोन गोष्टी नीट कळाव्या लागतात. पहिली, २९ हा आकडा जवळजवळ सगळ्या स्त्रियांची गरज झाकेल असा वर ठेवलेला आहे. सरासरी गरज १५ मिलिग्रॅमची, आणि ही बाई त्याच्याही खाली आहे. दुसरी गोष्ट प्रथिनांची. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंही जाळून काम भागवतं, त्यामुळे कागदावर पुरी दिसणारी प्रथिनं स्नायू बांधायला पुरेशी शिल्लक राहत नाहीत.

ही दुसरी गोष्ट जगापुढे आकडेवारीनिशी मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. जगात प्रथिनांची टंचाई आहे, म्हणून गरीब देशांना प्रथिनांच्या पावडरी पुरवाव्यात, असा सूर तेव्हा जोरात होता. सुखात्म्यांनी दाखवलं की बहुतेक ठिकाणी पोटभर जेवणच कमी पडतं आहे. नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पुरेसं मिळालं तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते. गरज माणसामाणसात आणि दिवसादिवसात किती बदलते यावरचे त्यांचे विचार वादग्रस्त ठरले आणि आजही त्यावर चर्चा होते. पण जाहिरातीतला डबा हाती घेण्याआधी भाकर पुरेशी आहे का हे पाहावं, ही त्यांची शिकवण आमच्या जिल्ह्याला तंतोतंत लागू पडते.

मग या मावशींना काय सांगायचं? ‘सकस आहार घ्या’ हे वाक्य तिथे निरुपयोगी आहे. विद्यार्थ्याला बदल सुचवायचा असतो तो त्या घरातल्या पैशात, त्या चुलीवर, त्या हंगामात बसणारा. एक भाकर वाढवली तर २०० किलोकॅलरी मिळतात. मूठभर, ३० ग्रॅम फल्लीदाणे दुपारच्या डब्यात टाकले तर दीडशे किलोकॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं. हिवाळ्यात चारपैकी दोन भाकरी बाजरीच्या केल्या तर लोह तीन मिलिग्रॅमनं वाढतं. तरोटा, आंबाडी, तांदूळजा या पालेभाज्या बांधावर असतातच. गुळानं रक्त वाढतं असं घरोघरी सांगतात, पण दहा ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. आणि पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. धान्य-भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. जेवणावर चहा घेतला तर तोही घटतो, ताटात लिंबाची फोड पिळली तर वाढतो. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या, हा सल्ला फुकटचा आहे आणि मावशींना पाळता येण्यासारखा आहे. इतकं करूनही बाई आधीच रक्तक्षयात असेल तर जेवणानं भागणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. अन्नाची हद्द कुठे संपते हेही या शिक्षणात शिकवतात.

बुलढाण्यानं सोयाबीनचं काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकतं, शंभर ग्रॅमात ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, आणि तरी ते मोंढ्यातून थेट तेलाच्या कारखान्यात जातं, घरच्या चुलीपर्यंत फार थोडं येतं. त्याला कारण आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटक असतो, त्यामुळे नुसतं दळून पिठात मिसळलं तर पोट बिघडतं. उष्णता दिली की तो घटक निष्प्रभ होतो. भिजवून, उकळून, वाळवून, भाजून दळलेलं सोयाबीन ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठात दहाला एक या प्रमाणात मिसळलं तर चव फारशी बदलत नाही. ज्वारीत कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल सोयाबीनमध्ये भरपूर असतं, आणि दोघांची जोडी जमते. आमच्याकडची कळण्याची भाकर, ज्वारीत उडीद घालून केलेली, हेच काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहे.

भारतीय कडधान्यांतल्या याच ट्रिप्सिन-रोधकांवर संशोधन करणाऱ्यांत डॉ. कमला सोहोनी होत्या. १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन प्रवेश द्यायला तयार नव्हते. त्या हटल्या नाहीत, त्यांनी घातलेल्या अटी मान्य करून आत गेल्या, आणि काम दाखवून अटी मोडीत काढल्या. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे कुन्नूरच्या त्याच पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. गरिबांना परवडणारं पोषण म्हणून नीरेवर केलेल्या त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ‘पोरीनं एवढं शिकून काय करायचं’ असं कुणी म्हटलं, तर हे नाव सांगावं.

दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थी रुग्णालयात जातात. आजारानुसार आहार ठरवणं वर्गात सोपं वाटतं, वॉर्डात नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याच्या बाजूला खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारट. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ म्हणून सांगितलं आणि वरण मात्र खाऱ्या पाण्यात शिजलं, तर हिशेब चुकतो. जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून खायचा सोडा टाकतात, त्यातून सोडियम आणखी वाढतं आणि थायमिन नष्ट होतं. म्हणजे त्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न असा, की स्वयंपाकाचं पाणी कुठलं? पोटॅशियम वाढलं असेल तर बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. एरवी आपण जे पाणी जपून ठेवायला सांगतो, ते इथे फेकायला सांगायचं. आणखी एक धोका : ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात पोटॅशियम क्लोराईड असतं. रक्तदाबाच्या एखाद्या रुग्णाला ते चालेल, मूत्रपिंड निकामी होत आलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. दुकानात दोघंही एकाच फळीवरून पाकीट उचलतात. म्हणून घरी जाताना रुग्णाला तोंडी सूचना पुरत नाहीत, त्याच्या सुनेला किंवा बायकोला बसवून समजवावं लागतं.

तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत तर चांगल्या मनानं केलेली चूक जीव घेऊ शकते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित. अंगणवाडीतली रंगीत पट्टी लाल दाखवते ती इथेच. असं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आलं की कुणालाही वाटेल, याला भरपूर खाऊ घाला. पण उपाशी शरीराची यंत्रणा मंदावलेली असते. एकदम जास्त अन्न गेलं तर रक्तातली फॉस्फेट, पोटॅशियमची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचं विशेष दूध देतात, शंभर मिलिलिटरला फक्त ७५ किलोकॅलरीचं, थोडं थोडं, रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी. बाळाची भूक परतली, सूज उतरली, की मग शंभर किलोकॅलरीचं एफ-१००. लोहाचं औषधसुद्धा पहिल्या टप्प्यात देत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या कोरकू आणि भिलाला वस्त्यांतून येणाऱ्या आईला हे समजावणं म्हणजे तिच्या बोलीतले चार शब्द येणं, तिच्या मजुरीचे बुडणारे दिवस समजून घेणं. कुपोषणाविरुद्ध महाराष्ट्रानं २००५ मध्ये उभारलेल्या मोहिमेला राजमाता जिजाऊंचं नाव आहे, आणि जिजाऊंचं माहेर आमच्याच सिंदखेड राजाचं.

आता प्रवेशाचं. जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत, आणि विदर्भातल्या कला महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्र हा विषय पूर्वीपासून शिकवला जातो. त्यात पोषणाची ओळख होते. पण रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर तेवढ्यानं भागत नाही, विज्ञानाची पदवी लागते. त्यासाठी अमरावती, नागपूरचं एलएडी महाविद्यालय, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, मुंबईतलं निर्मला निकेतन किंवा एसएनडीटीचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय अशी वाट धरावी लागते. पदवीनंतर दोन वर्षांची एमएस्सी किंवा वर्षभराची पदव्युत्तर पदविका, त्यासोबत रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि मग १९६३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा, हा प्रस्थापित मार्ग आहे.

दोन बदल लक्षात ठेवायचे. २०२१ च्या कायद्यानं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, आणि आहारतज्ज्ञ, पोषणतज्ज्ञ हे त्या कायद्याच्या यादीत आले. आतापर्यंत आठवड्याचं शिबिर करून कुणीही दारावर ‘डाएटिशियन’ची पाटी लावू शकत होता, नोंदणीची व्यवस्था बसेल तसा त्याला आळा बसावा. दुसरा बदल खेड्यातल्या मुलींवर थेट परिणाम करणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली, आणि त्यात अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र येतात. घरी बसून ही पदवी घेता येईल असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. काटा, वॉर्ड आणि गावातली ओसरी यांच्याशिवाय हे शिक्षण होत नाही, म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो. पण वसतिगृहाची सोय आणि शिष्यवृत्ती वाढवल्याशिवाय तो लोणार-मोताळ्याच्या मुलींचं दार बंद करणारा ठरेल, हेही तितकंच खरं.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलून उपयोग नाही. मोठ्या शहरांतली रुग्णालयं आहारतज्ज्ञ नेमतात, तालुक्याच्या गावी पद क्वचित असतं. पोषण पुनर्वसन केंद्रांतल्या जागा बहुधा कंत्राटी. अंगणवाडी पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी या पदांसाठी स्पर्धा परीक्षा द्याव्या लागतात. त्यांच्या जोडीला प्राध्यापकी, अन्नप्रक्रिया उद्योग, स्वतःचा दवाखान्याला जोडलेला सल्ला. पहिली काही वर्षं पगार बेताचाच राहतो. ज्या आश्रमशाळेत शेकडो मुलं रोज जेवतात, तिथे एकही आहारतज्ज्ञ नसावा, ही माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. ती पदं मागायला हवीत, आणि ती मागणी आपल्या आमदारांपर्यंत, जिल्हा परिषदेच्या सदस्यांपर्यंत पालकांनीच न्यायला हवी.

पालकांना आणि मुलींना, मुलांनाही, एक सांगणं. प्रवेश घेण्याआधी कॉलेज प्रत्यक्ष पाहून या. अभ्यासक्रम नियमित आहे ना, प्रयोगशाळेत चालू काटे आणि स्वयंपाकाची जागा आहे का, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि किती महिन्यांची, गावात सर्वेक्षणाला नेतात का, आणि २०२१ च्या कायद्याखाली ही पदवी नोंदणीला चालणार का, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत फी भरू नका.